एन्ट : वाळीत टाकलेल्या एका क्रियापदाची तीन शतकं

इंग्रजीत 'ही इज नॉट'चं 'ही इझन्ट' होतं, 'यू आर नॉट'चं 'यू आर्न्ट' होतं आणि प्रश्न विचारताना हीच रूपं पुढे सरकून 'इझन्ट ही?', 'आर्न्ट यू?' अशी उभी राहतात. मग 'आय ॲम नॉट'चा प्रश्न कसा करायचा? 'ॲम आय नॉट?' हे न्यायालयात किंवा व्यासपीठावर शोभेल, घरात कोणी बोलत नाही. 'ॲमन्ट आय?' हे सगळ्यांत सरळ रूप. पण ते आज स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या बाहेर फारसं ऐकू येत नाही. शिष्ट लोक म्हणतात 'आर्न्ट आय?' 'आय आर' हे तर कुठल्याच व्याकरणात बसत नाही, तरीही त्याला कोणी हरकत घेत नाही. उरतं ते चौथं रूप, 'एन्ट आय?'. ध्वनींच्या वाटेने नीट घडत आलेलं, तीनशे वर्षांहून जुनं. आणि इंग्रजी जगातल्या शाळांनी ज्या शब्दावरून सर्वांत जास्त मुलांना गप्प बसवलं असेल, तो शब्द हाच.

आपल्याकडे तर्खडकरी इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना हा शब्द पाठ्यपुस्तकात भेटलाच नाही. तो भेटला इंग्रजी चित्रपटांत, गाण्यांत, फार तर डिकन्सच्या कादंबरीत. त्यामुळे तो 'स्लँग' आहे, टपोरी आहे, अशी एक सरसकट समजूत आहे. ती मुळातच तपासायला हवी. स्लँग म्हणजे एखाद्या गटात उगवणारा, त्या गटाची खूण म्हणून मिरवणारा आणि बहुधा दहा-वीस वर्षांत शिळा होणारा शब्द. 'एन्ट' तसा नाही. तो इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या कामगारांच्या, अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या आणि शिकागो-फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांच्या रोजच्या बोलण्यात पिढ्यानपिढ्या आहे. तो त्यांच्या व्याकरणाचा खांब आहे. कोशकार त्याला 'अप्रमाण' म्हणतात. माझ्या मते एवढंच म्हणणं रास्त आहे, कारण ते शब्दाच्या गुणदोषांविषयी काहीच सांगत नाही, त्याला समाजाने कुठे बसवलं तेवढंच सांगतं.

त्याचं काम किती मोठं आहे ते पाहा. 'ॲम नॉट', 'इज नॉट', 'आर नॉट' या तिन्हींच्या जागी तो एकटा येतो. 'हॅव नॉट' आणि 'हॅज नॉट' यांच्या जागीही येतो: 'आय एन्ट सीन हिम', मी त्याला पाहिलेलं नाही. पुरुष, वचन कशानेही त्याचं रूप बदलत नाही. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण 'मी नाही, तू नाहीस, ते नाहीत' असं नकार चालवतो. मुंबईच्या आणि कोकणाच्या बोलीतला 'नाय' हे सगळे प्रत्यय बाजूला ठेवून सर्वांना पुरतो. भाषेत अशी सपाटी होत राहते, आणि प्रमाण इंग्रजीनेही ती भरपूर केलेली आहे. 'डोन्ट'चं 'डझन्ट' तेवढं होतं. 'वोन्ट', 'कान्ट', 'शुडन्ट' कुठल्याही पुरुषात बदलत नाहीत आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

या शब्दाचा जन्म सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या रंगभूमीवर दिसतो. तिथे तो जन्मला असं नव्हे. बोलण्यात आधीपासून असणार, पण नाटककारांनी बोलणं जसंच्या तसं छापायला सुरुवात केली म्हणून आपल्या हाती लागतो. 1695 मध्ये विल्यम काँग्रीव्हच्या 'लव्ह फॉर लव्ह' या नाटकात 'ॲम नॉट'साठी 'ॲन्ट' आहे. पुढच्याच वर्षी जॉन व्हॅनब्रच्या 'द रिलॅप्स'मध्ये तेच रूप 'आर नॉट'साठी आलं. 'ॲमन्ट'मध्ये म आणि न शेजारी येतात, दोन अनुनासिकं उच्चारायला त्रास होतो, म गळतो आणि आधीचा स्वर लांबतो. दुसरीकडून 'हॅव नॉट'चं 'हॅन्ट' झालं होतं. त्यातला ह, लंडनच्या बोलीत नेहमीच जातो तसा, गेला. असे दोन वेगळे ओहोळ एकाच उच्चारात मिळाले. म्हणून 'एन्ट'मध्ये असणं आणि जवळ असणं या दोन्हींचे नकार एकत्र आहेत. 'एन्ट' हे आजचं लेखन अठराव्या शतकाच्या मध्यापासून दिसू लागतं.

जोनाथन स्विफ्टचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. 1710 मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकातून त्याने इंग्रजीतल्या तुटक्या, आखडलेल्या रूपांवर कडाडून टीका केली. अशा रूपांमुळे भाषा रानटी होते आहे असं त्याचं म्हणणं. पण त्याच सुमारास त्याने आपली मैत्रीण स्टेला हिला लिहिलेली खासगी पत्रं वाचली की तिथे 'ॲन्ट' सापडतं. मला यात ढोंग दिसत नाही. प्रत्येक लिहित्या माणसाकडे दोन भाषा असतात, एक जगासमोर मांडायची आणि एक जिवलगांशी बोलायची. अडचण तेव्हा होते, जेव्हा पहिलीच्या मापाने दुसरीला दोषी ठरवलं जातं.

आता 'आर्न्ट आय'चं कोडं. जुन्या 'ॲन्ट'चा स्वर दोन दिशांनी गेला. एकीकडे तो 'एन्ट' झाला, दुसरीकडे लांबून 'आऽन्ट' झाला. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात स्वरानंतरचा र तोपर्यंत लोपला होता, त्यामुळे 'आर्न्ट' हा शब्दही कानाला 'आऽन्ट' असाच लागायचा. उच्चार एकच झाल्यावर लिहिणाऱ्यांनी 'आऽन्ट आय'ला 'आर्न्ट आय' असा पोशाख चढवला. म्हणजे आज शिष्ट मानलं जाणारं 'आर्न्ट आय' आणि हिणवलं जाणारं 'एन्ट आय' ही एकाच आईची लेकरं आहेत. एकाचं स्पेलिंग एका प्रतिष्ठित शब्दासारखं दिसलं, म्हणून त्याचं नशीब उजळलं. व्याकरणाच्या नावाने जे निवाडे दिले जातात त्यांत व्याकरण किती थोडं असतं, हे दाखवायला मला याहून नेमका दाखला माहीत नाही.

'एन्ट' खाली कसा घसरला? अठराव्या शतकात व्याकरणाची पुस्तकं लिहिण्याची लाट आली. रॉबर्ट लोथ या पाद्र्याने 1760 च्या दशकात दोन नकार मिळून होकार होतो हा नियम इंग्रजीच्या गळी उतरवला. चॉसरच्या काळात एका वाक्यात तीन-चार नकार सहज येत असत. उद्योगांतून पैसा मिळवलेल्या नव्या मध्यमवर्गाला कसं बोलावं हे सांगणाऱ्या पुस्तकांची भूक होती. त्या पुस्तकांनी 'एन्ट'वर काट मारली. मग एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी तो शब्द पात्राचा वर्ग दाखवण्यासाठी वापरला. 'पिकविक पेपर्स'मधला सॅम वेलर बोलायला लागला की वाचकाला लंडनचा गरीब, चलाख, कॉकनी माणूस समोर दिसतो. शब्दाला त्याच्या बोलणाऱ्याचा वास लागला.

पण या काळातही इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांत, शिकारीच्या मैदानांवर आणि क्लबांत 'एन्ट' निर्धास्त चालत होता. आपलं स्थान पक्कं असलेल्यांना व्याकरणाच्या पुस्तकाची गरज नव्हती. डोरोथी सेयर्सने 1923 पासून लिहिलेल्या गुप्तहेरकथांतला लॉर्ड पीटर विम्झी हा ड्यूकचा मुलगा, ऑक्सफर्डचा विद्वान, आणि तो 'एन्ट' बोलतो. शब्द एकच, सरदाराच्या तोंडी तो ऐट ठरतो, भाजीवालीच्या तोंडी अडाणीपणा. त्याला घाबरले ते मधले लोक, ज्यांना वर चढायचं होतं आणि खाली ढकललं जाण्याची भीती होती. 1926 मध्ये एच. डब्ल्यू. फाउलरने आपल्या प्रसिद्ध वापरकोशात फार समंजस निवाडा दिला होता. 'इझन्ट'च्या जागी 'एन्ट' नको, पण 'ॲम नॉट'साठी तो नैसर्गिक आहे, खरी उणीव भरून काढतो, आणि त्याने सभ्य माणसाला धक्का बसावा ही खेदाची गोष्ट आहे, असा त्याचा आशय. त्याचं इतर बाबतींत ऐकणाऱ्यांनी या बाबतीत ऐकलं नाही.

याच वर्गभीतीवर बर्नार्ड शॉने 1912 मध्ये 'पिग्मॅलियन' लिहिलं. मराठी प्रेक्षकाला हे नाटक पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मुळे घरचं आहे. भक्ती बर्वे यांची मंजुळा पाहिलेली माणसं अजून तिच्याविषयी बोलतात. शॉच्या नाटकातला एक प्रवेश या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. फुलं विकणाऱ्या एलायझाचे उच्चार प्राध्यापकाने घासूनपुसून स्वच्छ केलेले आहेत आणि ती उच्चभ्रू घरात चहाला येते. स्वर निर्दोष, पण वाक्यरचना गल्लीतली. ऐकणारे बुचकळ्यात पडतात. उच्चार आणि व्याकरण या माणसाला ओळखण्याच्या दोन वेगवेगळ्या खुणा आहेत हे शॉला नेमकं कळलं होतं. उच्चार हेलातून हळूहळू कळतो; 'एन्ट' मात्र एकाच अक्षरात माणसाची पत सांगून टाकतो.

या शब्दावरून झालेलं सर्वांत मोठं रण अमेरिकेतलं. सप्टेंबर 1961 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मेरियम कंपनीने 'वेब्स्टर्स थर्ड न्यू इंटरनॅशनल' हा महाकोश काढला. साडेचार लाखांवर शब्द, संपादक फिलिप गोव्ह. लोक प्रत्यक्ष कसं बोलतात-लिहितात हे नोंदवणं हे कोशाचं काम आहे, कसं बोलावं हे सांगणं नाही, ही गोव्हची भूमिका. त्याने 'बोलीभाषेतील' हा जुना शिक्का कोशातून काढूनच टाकला, कारण छापील शब्दावर तो कुठे मारायचा हे ठरवता येत नाही असं त्याचं मत होतं. 'एन्ट'च्या नोंदीत लिहिलं होतं की पुष्कळांना तो नापसंत आहे, कमी शिकलेल्यांत तो जास्त आढळतो, तरी अमेरिकेच्या बहुतेक भागांत अनेक सुसंस्कृत माणसंही तो बोलण्यात वापरतात, विशेषतः 'एन्ट आय' या रूपात. 'हॅव नॉट' या अर्थाला त्याने 'हीन' असाच शेरा दिला होता. नोंद सावध होती आणि वस्तुस्थितीला धरून होती.

कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकाने मात्र 'एन्ट'ला अखेर मान्यता मिळाली असा सूर लावला. वृत्तपत्रांनी कोश न उघडता पत्रक वाचलं. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने अग्रलेखातून टीका केली आणि जुनी आवृत्तीच वापरत राहण्याचं ठरवलं. 'अटलांटिक'मध्ये विल्सन फॉलेटने 'स्प्रिंगफील्डमधला घातपात' अशा मथळ्याचा लेख लिहिला. 1962 मध्ये ड्वाइट मॅकडोनाल्डने 'न्यू यॉर्कर'मध्ये या कोशावर प्रदीर्घ प्रहार केला. त्याच वर्षी रेक्स स्टाउटच्या 'गॅम्बिट' या रहस्यकादंबरीत त्याचा नायक नीरो वुल्फ या कोशाची पानं फाडून शेकोटीत जाळताना दाखवला आहे. अमेरिकन हेरिटेज या प्रकाशनसंस्थेने मेरियम कंपनीच विकत घेऊन कोश बाद करण्याचा प्रयत्न केला. तो फसला, आणि 1964 मध्ये मेरियम ब्रिटानिकाकडे गेली. मग अमेरिकन हेरिटेजने 1969 मध्ये स्वतःचा कोश काढला आणि शब्दांवर कौल देण्यासाठी लेखक-संपादकांची शंभरेक जणांची पंचायत नेमली. लिखाणातला 'एन्ट' त्या पंचांनी जवळजवळ एकमताने धुडकावला.

या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट विसरली गेली. 1934 च्या दुसऱ्या आवृत्तीतही 'एन्ट' होताच. फक्त त्याच्यापुढे 'ग्राम्य किंवा निरक्षर' असा शेरा होता. 'एन्ट हा शब्दच नाही, कारण तो शब्दकोशात नाही' असं अमेरिकन मुलं शाळेत घोकत, ते तेव्हाही खोटं होतं. म्हणजे भांडण शब्द कोशात घेण्यावरून नव्हतं. त्याच्यापुढचा तिरस्काराचा शेरा सौम्य केल्यावरून होतं. डेव्हिड स्किनर यांनी 2012 मध्ये या प्रकरणावर 'द स्टोरी ऑफ एन्ट' हे अख्खं पुस्तक लिहिलं. काळाकडे पाहिलं तर हा राग समजतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी सैनिक सरकारी खर्चाने महाविद्यालयांत आले होते, दक्षिणेत नागरी हक्कांची चळवळ पेटली होती. कोण सुशिक्षित आणि कोण नाही, याची सीमा पुसट होत होती, आणि ती जिवापाड जपणाऱ्यांना कोशाने आपल्याला दगा दिला असं वाटलं. विद्वत्तेच्या दृष्टीने गोव्हचीच बाजू खरी होती, असं मी निःशंकपणे म्हणेन. मॅकडोनाल्डसारख्या टीकाकारांचं गद्य सुंदर आहे, पण पुरावा गोव्हकडे होता.

याहून जास्त अस्वस्थ करणारी कथा सोजर्नर ट्रूथची आहे. मे 1851 मध्ये ओहायोतल्या ॲक्रन इथे स्त्री-हक्कांची परिषद भरली आणि तिथे या पूर्वी गुलाम असलेल्या स्त्रीने भाषण केलं. 'एन्ट आय अ वूमन?', मी बाई नाही का, हा त्या भाषणातला सवाल आज जगभर सांगितला जातो. 1981 मध्ये स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी आपल्या पुस्तकाला तेच नाव दिलं. पण परिषदेनंतर महिन्याभरात मेरियस रॉबिन्सन या संपादकाने 'अँटी-स्लेव्हरी ब्यूगल'मध्ये भाषणाचा जो वृत्तांत छापला, त्यात हा सवाल नाही आणि बोलीचं सोंगही नाही. तो सवाल आला बारा वर्षांनी, 1863 मध्ये, परिषदेची अध्यक्ष असलेल्या फ्रान्सेस गेज यांनी आठवणीतून लिहिलेल्या मजकुरात. तिथेही मूळ रूप 'आर्न्ट आय' असं होतं. पुढच्या लोकांनी त्याचं 'एन्ट' केलं.

गेज यांनी ट्रूथच्या तोंडी दक्षिणेच्या मळ्यांवरची बोली घातली. ट्रूथ दक्षिणेत गुलाम नव्हत्याच. त्यांचा जन्म 1797 च्या सुमाराला न्यू यॉर्क राज्यातल्या अल्स्टर परगण्यात, डच मालकांकडे झाला. लहानपणी त्यांची भाषा डच होती, इंग्रजी त्या नंतर शिकल्या. आपण नीट इंग्रजी बोलतो याचं त्यांना समाधान होतं. इतिहासकार नेल पेंटर यांनी त्यांच्या 1996 च्या चरित्रात हा सगळा गुंता सोडवून दाखवला आहे. गेज यांचा हेतू वाईट नव्हता. त्या ट्रूथच्या चाहत्या होत्या. पण गुलाम बाई बोलली म्हणजे ती अशीच बोलली असणार, हे त्यांनी गृहीत धरलं. लोकांची बोली त्यांच्याकडून हिरावून घेणं हा अन्याय आहेच. जी बोली त्यांची नाही ती प्रेमाने त्यांच्या तोंडी कोंबणं हाही अन्याय आहे. त्या सवालाची ताकद मला मान्य आहे. तरीही तो ट्रूथच्या नावाने सांगताना ही हकिकत सोबत सांगितली पाहिजे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी एक खरा धागा आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं; ज्या चळवळीत ट्रूथ उभ्या राहिल्या, तीच ही चळवळ. आणि फुल्यांवर इथे हल्ला झाला तो कशावरून? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या मतांबरोबर त्यांच्या मराठीचीही टर उडवली, व्याकरणाच्या चुका दाखवल्या. मत खोडता येत नसेल तेव्हा वाक्यातला प्रत्यय धरायचा, ही रीत दोन्ही खंडांत सारखीच चालली. शंभर वर्षांनी, 1972 मध्ये, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली दलित पँथर उभी राहिली. कामाठीपुऱ्याची बोली तेव्हा मराठी कवितेत कोणाचीही परवानगी न मागता आली.

आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत 'एन्ट'चं व्याकरण सर्वांत समृद्ध आहे. तिथे तो आणखी एक काम करतो: 'डिड नॉट'चं. 'ही एन्ट गो' म्हणजे तो गेला नाही. हा अर्थ गोऱ्यांच्या बोलींत जवळपास सापडत नाही. तो किती जुना याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नोव्हा स्कोशियात आणि 1820 च्या दशकात डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सामाना भागात जाऊन वसलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांच्या बोलीत हा अर्थ फार विरळा आहे. त्यावरून काही जण म्हणतात की तो नंतरचा, शहरांतल्या वस्त्यांत वाढलेला असावा. मला हा तर्क पटतो, कारण त्यातून असं दिसतं की या बोली म्हणजे जुन्या इंग्रजीचे गंजलेले अवशेष नाहीत. त्या स्वतःच्या नियमांनी आजही वाढत आहेत.

दुसरं वैशिष्ट्य नकारांच्या साखळीचं. 'एन्ट नोबडी सीन नथिंग', कोणी काही पाहिलेलं नाही. लोथच्या हिशेबाने इथे नकार एकमेकांना कापायला हवेत. प्रत्यक्षात ते एकमेकांना बळ देतात. स्पॅनिशमध्ये हीच रचना प्रमाण आहे. शिवाय इथे 'एन्ट' कर्त्याच्या पुढे येऊनही वाक्य प्रश्न होत नाही, विधानच राहतं, आणि ते फक्त 'नोबडी'सारख्या नकारी कर्त्यापुढेच घडतं. याला नेमका नियम आहे, आणि तो मोडला तर ती बोली बोलणारं मूलही लगेच 'असं नाही म्हणत' असं सांगेल. भाषावैज्ञानिक विल्यम लबाव यांनी 1960 च्या दशकात न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये पोरांच्या टोळक्यांत बसून हे ध्वनिमुद्रित केलं. कबुतरांच्या खुराड्यांविषयी बोलताना एका मुलाने 'एन्ट' असलेलं, चार नकारांचं एक वाक्य टाकलं. त्याचा अर्थ होता, कुठलंच मांजर कुठल्याच खुराड्यात शिरू शकत नाही. वस्तीतल्या मुलांकडे भाषाच नसते असं तेव्हाचे जे शिक्षणतज्ज्ञ म्हणत होते, त्यांना लबाव यांनी 1969 च्या निबंधात आणि 1972 च्या ग्रंथात दिलेलं उत्तर समाजभाषाविज्ञानातलं एक अत्यंत मोलाचं काम आहे.

लंडनमध्ये या कुळातली एक शाखा वेगळीच फुलली आहे. वाक्याच्या शेवटी लागणारं 'इनिट' हे 'इझन्ट इट' आणि 'एन्ट इट' यांच्या झिजेतून आलं, आणि आता ते कर्ता-क्रियापद काहीही असो, सगळ्यांमागे लागतं. कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या मुलांनी त्याचा प्रसार केला. आपल्या 'ना?' आणि 'हो ना?' ची सवय असलेल्या घरांत ते पटकन रुजलं यात नवल नाही.

गाण्यांत 'एन्ट'ला कोणी अडवलं नाही. फॅट्स वॉलरचं 1929 चं 'एन्ट मिसबिहेविन', 1935 च्या 'पोर्गी अँड बेस' या संगीतिकेतलं 'इट एन्ट नेसेसरिली सो', 1967 मधलं मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ', 1971 मधलं बिल विदर्स यांचं 'एन्ट नो सनशाइन'. यांतल्या कुठल्याही ठिकाणी 'इझन्ट' बसवून पाहावं. एका अक्षराची दोन होतात, लांबवता येणारा स्वर जातो, आणि मधे झ आडवा येतो. गाणाऱ्याच्या गळ्याला हा शब्द सोयीचा आहे, हे त्याच्या टिकण्याचं एक अगदी शारीरिक कारण आहे.

राजकारण्यांनाही तो चालतो. रोनाल्ड रेगन यांनी 1984 च्या प्रचारात 'यू एन्ट सीन नथिंग येट' हे वाक्य पुन्हा पुन्हा वापरलं. बोलपटाच्या आरंभकाळात, 1927 च्या 'द जॅझ सिंगर'मध्ये, ॲल जॉल्सनने उच्चारलेल्या अशाच एका वाक्यावरून ती लकब रूढ झालेली. जे मोडलेलं नाही ते दुरुस्त करू नका, या अर्थाची 'एन्ट'वाली म्हण 1977 मध्ये जिमी कार्टर यांचे अर्थसंकल्पप्रमुख बर्ट लान्स यांच्यामुळे सर्वतोमुखी झाली. राष्ट्राध्यक्ष हे बोलतो तेव्हा लोक म्हणतात, आपला माणूस आहे. तोच शब्द नोकरीच्या मुलाखतीत एखादी कृष्णवर्णीय मुलगी बोलते तेव्हा तिचा अर्ज बाजूला पडतो. वर लॉर्ड पीटरबद्दल जे म्हटलं, ते इथेही लागू आहे.

आणि हे निव्वळ मानापमानापुरतं नाही. 2019 मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात फिलाडेल्फियातल्या न्यायालयीन लघुलेखकांवरचा एक अभ्यास आला. साक्षीचा शब्दन् शब्द टिपणं हे या लोकांचं काम, आणि त्यांना 95 टक्के अचूकतेचं प्रमाणपत्र असतं. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीतली वाक्यं ऐकवल्यावर त्यांच्याकडून पूर्ण वाक्य बरोबर उतरलं ते सुमारे 60 टक्के वेळाच. वाक्याचा अर्थ सांगायला लावला तेव्हा बरोबर उत्तरं फक्त एक तृतीयांश. 'ही एन्ट गो' हे 'तो जात नाही' समजायचं की 'तो गेला नाही', यावर एखाद्याचा तुरुंगवास ठरू शकतो. अशा वेळी 'सगळ्या बोली समान आहेत' असं वर्गात म्हणून थांबणारे भाषावैज्ञानिक मला अपुरे वाटतात. समान आहेत हे खरं. पण न्यायालयात बसलेल्या माणसाला ती बोली शिकवण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे.

शाळेच्या बाबतीत मात्र पन्नास वर्षांत पुष्कळ समजलं आहे. मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे अकरा कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने खटला झाला आणि 1979 मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला की शिक्षकांची मुलांच्या घरच्या बोलीविषयीची नकळत असलेली नावड त्यांच्या वाचन शिकण्याच्या आड येते. शिक्षकांना ती बोली समजून घ्यायला शिकवा. 18 डिसेंबर 1996 रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळामंडळाने याच विचाराचा ठराव केला, तर देशभर हलकल्लोळ झाला. शाळेत आता चुकीचं इंग्रजी शिकवणार, अशी बातमी पसरली. ठरावाची भाषा अघळपघळ होती, पण हेतू घरच्या बोलीवरून प्रमाण इंग्रजीकडे नेण्याचा होता, आणि अमेरिकेच्या भाषावैज्ञानिक संस्थेने जानेवारी 1997 मध्ये त्याला जाहीर पाठिंबा दिला. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांना पहिलीत प्रमाण मराठीला सामोरं जावं लागतं, तेव्हा तिथल्या शिक्षकापुढे हाच प्रश्न असतो, तोही अधिक बिकट रूपात, कारण तिथे तर भाषाच वेगळी असते.

यावर उपाय काय, हे शिकागोजवळच्या ऑरोरा विद्यापीठात हॅनी टेलर यांनी करून पाहिलं आणि 1989 मध्ये प्रसिद्ध केलं. शिकागोच्या वस्त्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे दोन गट. एका गटाला नेहमीसारखं शिकवलं: प्रमाण रूप सांगायचं, बोलीतलं रूप आलं की दुरुस्त करायचं. दुसऱ्या गटात दोन्ही व्याकरणं फळ्यावर शेजारीशेजारी मांडली. घरी हे असं म्हणतात, निबंधात हे असं लिहितात, दोन्हींचे नियम काय, कुठे वेगळे पडतात. अकरा आठवड्यांनी पहिल्या गटाच्या लिखाणात बोलीची रूपं साडेआठ टक्क्यांनी वाढली होती. दुसऱ्या गटात ती 59 टक्क्यांनी कमी झाली, आणि त्यासाठी कोणालाही घरची भाषा चुकीची आहे असं सांगावं लागलं नव्हतं.